पाचव्या मोडीवरचा वाघ

हे मी तोंडानं कोनाले सांगतलं नाई. पोराले नाई, विहारात नाई, मेलेल्या नवऱ्याच्या फोटोसमोर बसून बी नाई. हातानं सांगतलं — एकडाव — आन् ते बी परवाच्या रविवारी. ते पुढं येईन. तोंडानं आज पयल्यांदा बोलून राह्यली, तुमच्यासमोर. तुमी कोन, मले मालूम नाई. बरं हाये. ओळखीच्या मानसासमोर हे निंगतच नाई.

पन आधी आनंदाचं सांगू द्या. माही छाती परवापासून लगनघरावानी भरली हाये. बाकीचं कुठी पळून चाललं? बारा वर्सं थांबलं, अजून घडीभर थांबन.

रविवारी आमच्या घाटातून सायकली गेल्या. चांद्याहून निंगाल्या होत्या, नागपूरचे बी लोकं होते — पातळ पातळ चाकं, डोक्शावर टोपलं पालथं घातल्यावानी टोप्या, घामानं निथळून राह्यले. आन् त्या सगळ्याइच्या समोर कोन? माही नात. वैशाली. खाकी कपड्यात. आमच्या जंगलाची गार्ड हाये ती आता. रस्ता दाखवाले तिलेच समोर ठेवलं होतं. तिच्या मांगं गावच्या अकरा पोट्ट्या, शाळेतून भेटलेल्या निळ्या सायकलीवर — ना गेर, ना काई, पायात चपला. शहरातले लोकं तिसऱ्या मोडीवरच उतरून सायकली ढकलत होते, आन् ह्या पोट्ट्या उभ्यानं पायडल मारत, हासत, त्याइच्या बाजूनं वरतं! मी वरतं मोडीवर आंबीलीचं मडकं घेऊन बसली होती, एक जाडा भाऊ बाजूच्या दगडावर टेकला होता. मले म्हने, "आजी, ह्या खातात काय?"

मी म्हनलं, "आंबील पेतात, भाऊ. अन् माह्या शिव्या खातात."

तो हासता हासता खोकलला. मी त्याले बी आंबील देल्ली.

आमचा घाट तुमाले मालूम नसंन. खालतं आमचं गाव. गावाच्या मांगून रस्ता पाहाडावर चढते, सात मोडी, म्हंजे वळनं, हायेत. दोन्ही बाजूनं साग, ऐन, मोह, बांबूची झाडी — समोरचं काई दिसत नाई. म्हनून आमच्याकडं रीत हाये, मोड आली का घंटी माराची. समोरून येनाऱ्या मानसाले कळते आन् जनावराले बी कळते, ते बाजूले होते. खाली आंगनात बसलं तरी आयकू येते. घाटात पोर गेली का माय हातचं काम करता करता घंट्या मोजते. सात झाल्या का समजाचं, पार झाली. तिकडं उतरलं का मोठं गाव, कॉलेज, दवाखाना, एसटी. घाटानं चौदा किलोमीटर पडते.

आन् पाचव्या मोडीचं नाव हाये वाघमोड.

सायकलवाल्याइच्या कागदावर छापलं होतं ते. फोनात बी होतं म्हनते. एक शहरातली बाई माह्यापाशी येऊन इचारते, "आजी, वाघमोड हीच का?" आन् उभी राहून फोटो काढते. मी मडक्यात ओगराळं फिरवत बसली. काय सांगू तिले? ती मोड जुनी हाये, बाई, पन तिचं नाव फक्त बारा वर्साचं हाये — असं सांगू? त्या नावाची माय तुह्या समोर बसली हाये — असं?

आता सांगतो. जराशी मांगून येतो, पन येतो.

माही शिकाई दुसरी. नवरा बांबू तोडाच्या कामावर होता, तापानं गेला. पोरगा ऊर्जानगरले ठेकेदाराकडं लागला, वीजघराची राख उचलाच्या कामावर, सनासुदीले येये. वैशाली, आमची वैशू, तीन वर्साची असताना सून गेली. घरात राह्यली मी आन् ती पोट्टी. पोट भराले मी जंगलखात्यात रोजीनं जाओ. रोपं लावाची, वनवा अडवाले जाळरेषा काढाची, आन् वाघ मोजाच्या दिवसात माती चाळाची. हो, माती. रस्त्यावर बारीक चाळलेल्या मातीची पट्टी पाडाची, आन् सकाळी पाहाचं कोन चालून गेलं. मले ते काम लय आवडे. वाघाच्या पंज्याले मांगून तीन पाकळ्या असतेत. नखं दिसत नाई, तो नखं आत घेऊन चालते. नराचा पंजा चौकोनी, मादीचा लांबट. जुने गार्ड रिटायर होऊन गेले, नवे आले, आन् नवे मलेच इचारत — पारबताबाई, हा कोनाचा? मी सांगो. माह्या आयुष्यात एवढ्याच एका गोष्टीत लोकाइनं माहा शब्द मानला.

आन् त्याच शब्दाचं मी काय केलं?

त्या साली गावातल्या पाच पोट्ट्या धाव्वी पास झाल्या. गावात असं कधी झालं नोतं. पाचहीइले शाळेतून निळ्या सायकली भेटल्या होत्या. कॉलेज घाटाच्या पलीकडं. माही वैशू, आन् तिच्याहून हुशार तिची मैतरीन मैना — आमच्या बाजूच्या गोंड टोल्यातली. मैनाले नर्स व्हायचं होतं. कॉलेज लागाच्या आधी ह्या पाची जनी घाट चढून पाहाले गेल्या, आन् उतरून आल्या तवा मी मोळी घेऊन घाटात होती. तुमाले दिसते का ते? मी डोक्शावर मोळी, पाय उघडे, मुरूम तापलेला. आन् वरून पाच पोट्ट्या, घंट्या मारत, केस उडून राह्यले, ओरडून राह्यल्या, हासून राह्यल्या. "आजी, बाजूले!" वैशू वारा होऊन निंगून गेली. तिनं वळून पायलं बी नाई.

माही सारी उमर त्या घाटात गेली. मोहफुलाचे टोपले, तेंदूपत्त्याचे गठ्ठे, नवऱ्याले तापात दवाखान्यात न्याले केलेली झोळी — सगळं त्या घाटानं. मी त्या घाटात कधी हासली नोती. आन् ही पोट्टी दोन मिनिटात खालतं.

मले वाटलं, ही गेली. आज कॉलेजले, उद्या चांद्याले, परवा अजून दूर. मंग चुलीपाशी मी एकटी. पन तेवढंच असतं तं मी भेव म्हनलं असतं. तेवढंच नोतं. मले तिचं हासू पाहावलं नाई. हे लिहा, बोला, कसं बी ठेवा — तिचं हासू मले पाहावलं नाई.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, जवा कुत्रं बी सावलीतून उठत नाई, तवा मी लाकडाले जातो म्हनून घाटात गेली. डांबर नोतं तवा. मुरमावर घोटाभर धूळ. पाचव्या मोडीवर बसली. इकडं पायलं, तिकडं पायलं. हातानं धूळ सारखी केली. तळहाताच्या टाचेनं गादी दाबली, मांगून तीन पाकळ्या काढल्या. अंगठ्यानं चार बोटं. नखं नाई. मंग पाऊलभर सरकून दुसरा. असे आठ ठसे, रस्ता आडवा पार करून झाडीत. लांबट पंजा. मादीचा. मंग मोळी घेतली, घरी आली आन् भात रांधला.

घाई केली का? नाई. लय सफाईनं केलं. आन् मले बरं वाटलं. काम चांगलं जमलं का मानसाले वाटते ना, तसंच. तेच मले आजवर गिळता आलं नाई.

सकाळी गुराख्यानं पायलं. गाव धावलं. गार्ड आला, नवाच होता बिचारा. ठश्यावर काच ठेवली, पेनानं रेघ मारली, डोकं खाजवलं. मंग सगळ्याइच्या समोर मले इचारलं, "पारबताबाई, तुमी इतके साल ठसे पायले. खरा हाये का?"

त्याच्या मनात शंका होती. मले दिसली. एकच शब्द बोलाचा होता मले — नाई. पाची पोट्ट्या उभ्या होत्या. मैनाच्या हातात सायकलची चाबी होती, बोटात घालून फिरवून राह्यली होती. मी खाली बसली, आपल्याच हाताच्या कामाकडं पायलं, आन् म्हनलं, "खरा हाये. मादी हाये. पिल्लं असतील जवळ."

पिल्लं मी काऊन घातले? कोनी इचारले बी नोते. पन मले मालूम होतं — एकटा वाघ दोन दिवसात निंगून जाते. पिल्लाची वाघीन वर्सभर हालत नाई.

लोकाइनं मानलं. काऊन नाई मानतीन? आमच्या जंगलात वाघ हायेच. मोह येचाले गेलेल्या बाया परत नाई आल्या, अशी घरं हायेत आमच्यात. खोटं उभं राहाले खालतं खरं लागते, ते मले तयार भेटलं. समाजमंदिरात बैठक झाली. पोट्ट्या घाटानं जानार नाई. दोन दिवसानं पानी आलं, ठसे वाहून गेले. नाव राह्यलं.

सायकली घरात गेल्या. एकीच्या बापानं सायकलीवर धानाचे पोते वाहले. एकीच्या सीटवर कोंबडी बसे. मैना वर्सभर घरी बसली. घरी बसलेल्या पोट्टीचं काय होते? लगीन होते. तिले भामरागडाकडं देल्ली — पावसाळ्यात नदी भरली का तिकडचा रस्ता बंद, ना निरोप येये, ना ती. मंडपात मी तिले हळद लावली. ह्याच हातानं.

आन् वैशू? ती तीन हप्ते आंगनात बसून घाटाकडं पाहे. मंग एक दिवस सकाळी सायकल पुसून राह्यली. मी म्हनलं, "कुठी चालली वो? घाटात वाघीन हाये."

"घाटात हाये ना? मी घाटानं जातच नाई."

पाहाडाच्या पायथ्यानं, तलावाच्या पारीवरून, बांधावरून, तीन गावं फिरून एक रस्ता जाते. एकतीस किलोमीटर. जानं एकतीस, येनं एकतीस. बाकीच्याइच्या घरच्यानं इतक्या दूर नाई जाऊ देल्लं. वैशूले अडवाले घरात मीच होती. मी काय केलं, सांगू? एक दिवस तिच्या चाकाची हवा काढली. तिनं चाक दाबून पायलं. शेजारून पंप आनला, हवा भरली, गेली. मंग मी हारली. दोन वर्सं ती पोट्टी त्या फेरीनं गेली. त्या रस्त्याले मोडी नाई, म्हनून घंट्या बी नाई. मी आंगनात बसून काई मोजत नोती. मोजाले काई ठेवलंच नोतं मी.

बारावी झाली. गार्डाच्या भरतीत चालाची परीक्षा असते. सगळ्या पोट्ट्याइच्या समोर निंगाली. पेढे वाटले तवा गाव हासे — "बुढीच्या वाघानं पोट्टीले गार्ड केलं!" वैशू बी हासली, माह्या गळ्यात हात टाकला, म्हने, "खरंच वो आजी, तुह्या वाघीनीचे उपकार." मी पेढा तोंडात धरून बसली.

नाई. हे तुमी म्हनू नका. ते पाय तिचे होते. पाच पोट्ट्या होत्या, चारीइले त्याच वाघानं घरी बसवलं. एकीनं फेरी मारून काढली, तं ते माह्या खात्यात येते का?

दर रविवारी विहारात आमी शील घेतो. मले पाठ हाये सगळं. पन चौथ्या शीलापाशी, खोटं बोलनार नाई म्हनतेत तिथी, माहे ओठ हालत, आवाज निंगत नसे. बारा वर्सं. बाजूची बाई समजे, बुढीले दम लागते.

वैशूची बदली दोन वर्साआधी आपल्याच जंगलात झाली. आली तशी घाटात गेली. महिनाभर सकाळी उठून स्वता पोट्ट्याइच्या समोर सायकल चालवली. घरोघरी सांगतलं — झुंडीनं जाचं, उजेडात जाचं, घंटी मारत जाचं. आता अकरा जनी रोज घाटानं जातेत. मी पुन्हा आंगनात बसून मोजाले लागली. सात गुनिले अकरा — मले हिशोब येत नाई, पन सकाळचं ते वाजनं आयकाले तुमी या एकडाव. पाहाड हासते.

तर रविवार.

मी पाचव्या मोडीवर मडकं घेऊन बसली होती. सायकलवाले बहुतेक निंगून गेले होते. वैशाली मांगं राह्यलेल्याइले पाहाले खालतं परतली होती, माह्या मोडीवर एक पाय टेकून उभी. तेवढ्यात मैना आली. माहेरी आली होती, सायकली पाहाले. अंगानं सुकली, पन डोळे तेच. संगं तिची पोट्टी — रुपी, नऊ वर्साची. कोनाची तरी लहान सायकल मांगून आनली होती तिनं, खालपासून ढकलत चढवत आली होती, तोंड लाल. पाचव्या मोडीवर मैनानं तिचं हँडल धरलं.

"बस झालं. इथून पुढं नाई."

"त्या पोट्ट्या गेल्या ना, माय!"

"त्या मोठ्या हायेत. इथी वाघीन राहे, पिल्लं घेऊन. इचार आजीले. आजीनं ठसे पायले आपल्या डोळ्यानं."

रुपीनं माह्याकडं पायलं. मैनाची मूठ त्या हँडलवर पांढरी झाली होती. बारा वर्सं झाले, वाघ अजून तिथीच बसला होता — आन् आता दुसऱ्या पोट्टीले धरून राह्यला होता.

मी बोलाले गेली. तोंड उघडलं. आवाज नाई — चौथ्या शीलापाशी होते तसंच. आता? उठून जाऊ? अजून एक ओगराळं आंबील वाढू?

मी मडक्यावर झाकन ठेवलं. डांबराच्या कडेले धुळीत बसली. गुडघे वाजले. धूळ हातानं सारखी केली. तळहाताची टाच. तीन पाकळ्या. अंगठा — एक, दोन, तीन, चार. नखं नाई. मंग सरकून दुसरा. हात काईच इसरला नोता.

रुपी वाकून पाहून राह्यली. "आजी, अजून एक काढ ना!" लेकरू ते.

वैशाली सायकल आडवी टाकून आली. गार्ड बसते तशी ठश्यापाशी बसली. ठसा पायला. माहा हात पायला. धुळीनं भरलेला होता, मी झटकला नाई. मैना उभीच होती. इतका वेळ उभी होती का दोन सायकलवाले घंटी मारून बाजूनं निंगून गेले.

मंग म्हने, "तवा मोठा होता, आजी."

मी म्हनलं, "तवा हात मोठा होता, माय."

आवाज निंगाला माहा. मी पुढं काई जोडलं नाई. चुकलं म्हनलं नाई, माफ कर म्हनलं नाई — तेवढं बी तिच्यापासून मांगाचा मले काय हक्क? वैशाली दोन दिवस झाले घरी येते, मी वाढलेलं जेवते, ताट धुते, बोलत नाई. मैना आपल्या गावाले गेली. माह्या घरावरून गेली, थांबली नाई. बराबर हाये. येत्या रविवारी चौथ्या शीलाले माहा आवाज निंगते का नाई, ते बी मी तुमाले इचारत नाई.

पन त्या घडीले मैनानं हँडल सोडलं. माह्याकडं पायलं नाई. पोट्टीले म्हनलं, "जाय. घंटी मारत जाय."

रुपी धुळीतूनच निंगाली. चाक डुगडुगलं, दोन्ही ठश्याच्या मंधातून सरळ रेघ मारत डांबरावर चढलं. उभ्यानं पायडल मारे, जीव किती तो! मोडीवर घंटी वाजली. पाचवी. मंग झाडीत दिसेनाशी झाली. आमी तिघी तिथीच, कोनी कोनाकडं न पाहता, कान देऊन. लय वेळ झाला. ढकलत असंन, मले वाटलं. परतंन, मले वाटलं.

सहावी.

मैनाचे ओठ हालून राह्यले होते. वैशालीचे बी. आन् माहे बी — तिघी मोजत होतो.

सातवी.